दुसऱ्या खेपेचे पैसे कोण देणार, हे आधी ठरवा

वाचकाचं पत्र: "सहा वर्षं मी सीसीटीव्ही आणि इंटरकॉमची कामं करतो. सोबत एक हेल्पर आहे. आता एक सिक्युरिटी कंपनी घरांमध्ये चोरीचे अलार्म बसवायचं काम सब-काँट्रॅक्टवर देतेय. माल त्यांचा, मजुरी माझी. एका घराला ३,५०० रुपये ठोक, सेन्सरचे पॉइंट कितीही असोत. वर्षभर सर्व्हिस मोफत द्यायची. पैसे 'पार्टीकडून आले की लगेच', असं तोंडी सांगितलंय. महिन्याला बारा-पंधरा घरं मिळतील म्हणतात. ओळखीच्या एकाने हेच काम घेतलं होतं, पण रात्री-बेरात्री अलार्म वाजतो म्हणून सारख्या फेऱ्या पडायला लागल्या आणि त्याने ते सोडून दिलं. मी घ्यावं का? आणि घेतलं तर सीसीटीव्हीपेक्षा वेगळं काय सांभाळायचं?" – एक वाचक, नाशिक

काम घ्या, पण या अटींवर नको. तुमच्या ओळखीच्या माणसाचं नेमकं काय चुकलं ते तुमच्याच पत्रात आहे. ठोक दर आणि वर्षभर मोफत सर्व्हिस या दोन अटी एकत्र आल्या की फॉल्स अलार्मचा, म्हणजे चोर नसताना वाजणाऱ्या अलार्मचा, सगळा खर्च बसवणाऱ्याच्या खिशातून जातो, मग दोष त्याचा असो वा नसो. कॅमेरा बिघडला तर ग्राहक चार दिवस थांबतो. रात्री दोनला सायरन वाजला तर तो सकाळी आठला फोन करतो, आणि सोसायटीचा सेक्रेटरी त्याच्याही आधी.

साधा हिशेब मांडा. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही घाला. सहा पॉइंटचं वायर्ड काम, दोन माणसं, पूर्ण दिवस. हेल्पर ७००, पेट्रोल २००, गिट्ट्या-स्क्रू-केसिंग पट्टी-सिलिकॉन २५०, ड्रिलचे बिट आणि हत्यारांची झीज १००, तुमचा स्वतःचा रोज १,५००. झाले २,७५०. म्हणजे ३,५०० मधून ७५० सुटले. आता वर्षभरात दोन मोफत खेपा धरा. हेल्पर नेला नाही तरी अर्धा दिवस आणि पेट्रोल मिळून एका खेपेला ९५०, दोनचे १,९००. त्या घरात तुम्ही ७५० कमावण्याऐवजी १,१५० गमावून बसता. बारा पॉइंटचा बंगला याच ठोक दरात आला, तर दुसऱ्या खेपेची वाटही पाहायला नको.

म्हणून दर दोन भागांत मागा: पॅनेल (ज्याला सगळे सेन्सर जोडतात तो मुख्य डबा), कीपॅड आणि सायरन यांचा एक मूळ दर, आणि त्यावर प्रत्येक सेन्सरचा पॉइंटप्रमाणे दर. केसिंग पट्टी किंवा पाइप टाकायचा असेल तर रनिंग मीटरचा भाव वेगळा. रिकाम्या खेपेचाही दर लावा. घराला कुलूप आहे, रंगकाम चालू आहे, पॅनेलचा २३० व्होल्टचा पॉइंट तयार नाही, अशा कारणांनी परत यावं लागलं तर त्याचे पैसे. हा २३० व्होल्टचा पॉइंट आपल्या कामात घेऊच नका. परवानाधारक वायरमनकडून तो ग्राहकाने आधी करून ठेवायचा, असं लिहून घ्या.

मग येतो सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, सर्व्हिसची खेप. ती कारणानुसार वाटून घ्या. जॉइंट सुटला, सेन्सर ढिला झाला, जागा चुकली, तर तो तुमचा दोष. त्याची खेप ९० दिवस मोफत द्या, आणि खरोखर द्या. पॅनेल, सेन्सर, बॅटरी किंवा अडॅप्टर बिघडला तर माल कंपनीचा, खेपेचे पैसेही कंपनीचे. पावसाळ्याच्या तोंडाला विजा कडाडून पॅनेल जळतात, ती खेप याच खात्यात जाते. निर्मात्याच्या वॉरंटीत वीज पडणं बहुतेक वेळा बसत नाही, म्हणून हे वेगळं लिहा. ग्राहक कोड विसरला, सिमचा रिचार्ज संपला, नवीन कपाट सेन्सरपुढे आलं, फॉल्स सीलिंगवाल्याने वायर तोडली, तर पैसे ग्राहकाकडून किंवा कंपनीकडून. कोणाकडून ते कंपनीने ठरवावं, तुम्हाला मात्र मिळायला हवेत.

आता फिटिंग. फॉल्स अलार्मची कारणं मोजकीच असतात आणि त्यातली बरीचशी पहिल्याच दिवशी टाळता येतात.

मोशन सेन्सर, म्हणजे पीआयआर, उष्णतेतला बदल पाहतो. साधारण २.१ ते २.४ मीटर उंचीवर, खोलीच्या कोपऱ्यात असा बसवा की चोर त्याच्या नजरेला आडवा जाईल. सरळ त्याच्या दिशेने चालत येणारा माणूस त्याला उशिरा दिसतो. समोर उन्हाची खिडकी, एसीचा झोत किंवा पंख्याखाली हलणारा पडदा नको. लाइट जाऊन परत आली की चालू राहिलेला पंखा फिरायला लागतो, पडदा उडतो आणि अलार्म वाजतो. "लाइट आली की वाजतो" अशी तक्रार आली तर पॅनेल उघडण्याआधी पंख्याचं बटण पाहा. देवघराकडे तोंड करून सेन्सर लावू नका. नवरात्रात अखंड दिवा तेवत ठेवून लोक बाहेर जातात.

आपल्याकडचं खरं दुखणं मात्र पाल आहे. लेन्सवरून चालणारी पाल इतकी जवळ असते की सेन्सरला ती माणसाएवढी दिसते. पाल किड्यांच्या मागे येते आणि किडे ट्यूबलाइटपाशी जमतात. म्हणून ट्यूबलाइटपासून निदान एक-दीड मीटर लांब राहा. सेन्सरच्या मागची वायर आत जायची फट आणि न वापरलेली भोकं सिलिकॉनने बुजवा, नाहीतर मुंग्या आणि झुरळं थेट आतल्या सर्किटवर फिरतात. वॉक टेस्ट (सेन्सरपुढे चालून पाहणं) झाली की सेन्सरचा एलईडी बंद करा, आणि पल्स काउंटची, म्हणजे हालचाल किती वेळा दिसल्यावर वाजायचं ते ठरवायची, सोय असेल तर घरात तो २ वर ठेवा. एवढ्या चार गोष्टींना एका सेन्सरमागे दहा मिनिटंही लागत नाहीत.

मालेगाव, धुळे, जळगावकडच्या साइट मिळाल्या तर उन्हाळ्याची वेगळी अडचण असते. बंद घरात भिंतच ३६-३७ अंशांवर गेली की माणसाचं शरीर आणि मागची भिंत यांतला फरक उरत नाही आणि सेन्सर आंधळा होतो. तिथे तापमान भरपाई असलेला किंवा पीआयआर आणि मायक्रोवेव्ह दोन्ही असलेला सेन्सर मागून घ्या. पण मायक्रोवेव्ह प्लायच्या पार्टिशनमधून आणि काचेतून पलीकडे जातो, प्लास्टिकच्या पाइपमधलं वाहतं पाणीही पकडतो. त्याची रेंज खोलीपुरती कमी करा.

दारासाठी मॅग्नेटिक सेन्सर: मॅग्नेट दारावर, स्विच चौकटीवर. आपल्या फ्लॅटना बाहेर लोखंडी सेफ्टी डोअर आणि आत लाकडी दार असतं. साधा मॅग्नेट आतल्या लाकडी दाराला, वरच्या बाजूला, बिजागरीच्या नव्हे तर उघडणाऱ्या टोकाला लावा आणि दोन तुकड्यांतलं अंतर १० मिलिमीटरच्या आत ठेवा. साधा मॅग्नेट लोखंडावर लावला की त्याची ताकद लोखंडच खाऊन टाकतं आणि दार जरा हललं तरी संपर्क सुटतो. लोखंडी दाराला त्यासाठीच बनवलेला जाड मॅग्नेट लागतो. पावसाळ्यात लाकडी दार फुगतं, खाली बसतं. उन्हाळ्यात अगदी काठावर जुळवलेला सेन्सर जुलैमध्ये हमखास त्रास देतो. बसवल्यावर बंद दार हाताने जोरात हलवून पाहा.

सीसीटीव्हीवाल्याला नवीन असते ती ईओएल (एंड ऑफ लाइन) रेझिस्टरची भानगड. पॅनेलसोबत येणारे हे छोटे रेझिस्टर (१ के, म्हणजे किलो-ओम, २.२ के, ४.७ के, ५.६ के, पॅनेलप्रमाणे वेगळे) वायरच्या सेन्सरकडच्या टोकाला लावायचे असतात. घाईत बरेच जण ते पॅनेलच्याच टर्मिनलला पिळून मोकळे होतात. पॅनेल हिरवा दिवा दाखवतं, काम पास होतं. पुढे कुठे खिळ्याने वायर दबून शॉर्ट झाली, किंवा कुणी मुद्दाम शॉर्ट केली, तरी पॅनेलला रेझिस्टर जागेवर दिसतो आणि झोन (पॅनेलला जोडलेली ती लाइन) कायम 'ठीक' राहतो. दार सताड उघडलं तरी तो वाजणार नाही. अशा घरात चोरी झाली तर पहिला प्रश्न तुम्हाला विचारला जाईल, आणि तो रास्त असेल.

पीआयआरला सहा कोअरची (आत सहा तारा असलेली) वायर न्या: दोन कोअर १२ व्होल्टला, दोन अलार्मला, दोन टॅम्परला, म्हणजे झाकण उघडलं की कळवणाऱ्या स्विचला. पॅनेल डबल ईओएल घेत असेल तर अलार्म आणि टॅम्पर एकाच जोडीवर येतात, दोन कोअर शिल्लक राहतात. एक रेझिस्टर अलार्मच्या एनसी (नॉर्मली क्लोज्ड, एरवी जोडलेलं) आणि कॉमन या टर्मिनलांवर आडवा, दुसरा टॅम्परच्या बाजूने सीरिजमध्ये. झाकण लावून, सेन्सर चालू ठेवून पॅनेलकडची दोन टोकं सोडवा आणि मल्टीमीटर लावा. २.२ के चे रेझिस्टर असतील तर शांत असताना २.२ के, समोर हालचाल झाली की ४.४ के, झाकण उघडलं की सर्किट तुटलेलं, आणि वायर शॉर्ट असेल तर शून्याच्या आसपास. ही रीडिंग प्रत्येक झोनची लिहून ठेवा. पुढे तक्रार आली की कुठे बिघडलंय ते जुन्या आकड्याशी ताडून पाच मिनिटांत कळतं.

वायर शुद्ध तांब्याचीच मागा. ब्लेडने कोअर खरवडून पाहा. आत पांढरट दिसलं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर आहे. तिचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपट असतो आणि स्क्रूखाली तुटते. कंपनीने तीच दिली तर वापरण्याआधी ईमेल करून कळवा, म्हणजे पुढची खेप तुमच्या नावावर पडणार नाही. तांब्याच्या ०.२२ चौरस मिलिमीटर कोअरचा जाऊन-येऊन रेझिस्टन्स १०० मीटरला साधारण १५.६ ओम. ३० मीटर लांबच्या गच्चीवर अर्धा अँपिअर खेचणारा सायरन लावला तर वाटेतच २.३ व्होल्ट जातात. बॅटरीवर १२ असले तर सायरनपाशी ९.७ उरतात आणि तो रडतो. प्लसला दोन आणि मायनसला दोन कोअर जोडा, घट निम्मी होते. अलार्मची वायर २३० व्होल्टच्या वायरसोबत एकाच पट्टीत घालू नका; ३० सेंटिमीटर अंतर ठेवा, ओलांडायचंच असेल तर काटकोनात.

बॅटरी बहुतेक वेळा १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची. चार्जिंगला साधारण १३.५ ते १३.८ व्होल्ट मिळतात का पाहा. पॅनेल, तीन पीआयआर आणि जीएसएम (सिमवरून फोन करणारा भाग) मिळून २५० मिलिअँपिअर खात असतील तर कागदावर २८ तास, प्रत्यक्षात १८-२० धरा. यातून एक मोठी फसगत होते. इगतपुरी, त्र्यंबककडचे वीकेंडचे बंगले आणि गावाकडची बंद घरं सोडून जाताना मालक सवयीने मेन स्विच पाडून जातात. दुसऱ्या दिवशी अलार्म मेलेला असतो आणि बॅटरी पूर्ण उतरून कायमची जाते. अशा घरी पॅनेलला वेगळा एमसीबी वायरमनकडून मेनच्या आधीच्या बाजूने घ्यायला सांगा आणि त्यावर 'अलार्म – बंद करू नये' असं मराठीत चिकटवा.

जीएसएम पॅनेलचं सिम टाकण्याआधी पॅनेल २जी आहे की ४जी ते बघा. जिओचं २जी नेटवर्कच नाही, त्यामुळे २जी पॅनेलमध्ये ते सिम चालणारच नाही. सिम ग्राहकाच्या नावावर हवं, पिन काढलेला हवा, आणि रिचार्जची तारीख पॅनेलच्या झाकणावर आतून लिहिलेली हवी. अँटेना लोखंडी डब्याच्या बाहेर काढा.

प्रोग्रॅमिंगमध्ये फार खोल जात नाही. मुख्य दाराला एंट्री डिले (आत आल्यावर कोड टाकायला मिळणारा वेळ) ३० सेकंद, बाहेर पडायला ४५ ते ६०, पॅनिक बटण चोवीस तास चालू असलेल्या झोनवर, सायरन ३ मिनिटांनी आपोआप बंद. मुख्य दारातून आत आल्यावर कीपॅडपर्यंतच्या वाटेत जो पीआयआर लागतो तो 'फॉलोअर' ठेवा, म्हणजे दार उघडल्यावर तोही डिले संपेपर्यंत थांबेल; तत्काळ वाजणारा नको. नाहीतर घरमालक स्वतःच्याच घरात चोर ठरतो.

कामाइतकंच तुमचं नाव सांभाळायचं आहे, कारण घराच्या कुठल्या कोपऱ्यात सेन्सर नाही हे मालकानंतर फक्त तुम्हाला माहीत असतं. फॅक्टरीचा इन्स्टॉलर कोड प्रत्येक साइटवर बदला आणि कंपनीच्या एका ठरलेल्या ईमेलवरच कळवा. ग्राहक स्वतःचा कोड टाकताना पाठ करून उभे राहा. चाचणीसाठी टाकलेला तुमचा नंबर कॉल लिस्टमधून पुसा, रिमोट मोजून द्या. तुमची आणि हेल्परची पोलीस पडताळणी करून घ्या, कंपनीचं ओळखपत्र मागा. आणि झालेल्या कामाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला कधीही टाकू नका. सीसीटीव्हीवाल्यांना ही सवय असते. अलार्मच्या बाबतीत तो घराचा नकाशा वाटण्याचा प्रकार आहे. फोटो काढायचेच, पण जॉब शीटसाठी: प्रत्येक सेन्सर झाकण उघडा ठेवून, पॅनेलची वायरिंग, बॅटरीवर मीटरचा आकडा. ग्राहकासमोर प्रत्येक झोन वाजवून दाखवा आणि त्या शीटवर त्याची सही घ्या. मालही चलनावर, सीरियल नंबरसकट ताब्यात घ्या.

पैशांचं 'पार्टीकडून आले की' चालणार नाही. ग्राहकाने पैसे दिले की नाही हा कंपनीचा आणि त्याचा व्यवहार. पहिलं काम घेण्याआधी सरकारी पोर्टलवर उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, करा. ती मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका, आणि नंतर केली तर आधीच्या बिलांना तिचा उपयोग होईलच असं नाही. छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ पद्धतीने व्याज लागतं. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, ज्याला सीए लोक ४३बी(एच) म्हणतात त्या आयकराच्या तरतुदीमुळे, मुदतीत न दिलेलं बिल कंपनीला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाही. मार्चमध्ये त्यांच्या अकाउंट्स विभागाला ही गोष्ट तुमच्या दहा फोनपेक्षा लवकर पटते. बिल 'फिटिंगची मजुरी' असं स्वच्छ सेवेचं ठेवा, माल त्यात मिसळू नका, आणि उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा.

टीडीएस कापला जाईल. तुम्ही एकट्याच्या नावाने धंदा करत असाल तर १ टक्का. एक बिल ३०,००० च्या वर किंवा वर्षाची बेरीज १ लाखाच्या वर गेली की. पॅन दिला नाही तर २० टक्के. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, पण त्यात तुमची सीसीटीव्हीची कामंही धरली जातात. शिडीवरून पडणं हा या कामातला मोठा धोका आहे: पंतप्रधान सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण देते, ती दोघांची काढा आणि त्यावर एखादी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या. करारात एक वाक्य हवंच: घरात चोरी झाल्यास नुकसानभरपाईची जबाबदारी तुमच्यावर नाही, तुमच्या कामात दोष निघाला तर तो मोफत दुरुस्त करणं किंवा त्या साइटच्या बिलाची रक्कम, एवढीच मर्यादा. रिटेन्शन म्हणून काही रक्कम रोखायची असेल तर ५ टक्क्यांपर्यंत कबूल व्हा, पण परत देण्याची तारीख लिहून घ्या.

कंपनीला सांगा की पहिल्या दहा घरांपुरता करार करू. त्या दहांत प्रत्येक खेप कारणासह लिहून काढा: तुमचा दोष, मालाचा, ग्राहकाचा. दहा घरांनंतर तोच कागद समोर ठेवून पुढचा दर ठरवा. आणि सगळ्या अटी मान्य होत नसतील तर पॉइंटचा भाव थोडा सोडा, रिटेन्शन सोडा. खेपेची कारणवार वाटणी आणि पैशांची लेखी मुदत सोडू नका. ही दोन कंपनीने नाकारली, तर महिन्याला पंधरा घरं कबूल केली तरी हे काम घेऊ नका.